सरळ केलेला ठेका

सव्वीस वर्षं ताईंनी त्या हॉटेलच्या हॉलमध्ये ड्रम वाजवले. खरं तर त्याच बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या धाकट्या भावाच्याच त्या ताई. पण बँडवाल्यांपासून भांडी घासणाऱ्यांपर्यंत सगळेच त्यांना तसं म्हणायचे. नाचाचं गाणं असो, रॉक असो की संथ प्रेमगीत, बहुतेक सगळं चार मात्रांतच बसायचं. पण नाचाला त्या चारही मात्रांवर पायानं मोठा ड्रम हाणायच्या, रॉकला दुसरी आणि चौथी ठणकावून वाजवायच्या, आणि संथ गाण्यात तीच दुसरी-चौथी केसभर उशिरा सोडायच्या. त्या उशिरानंच जोडपी जवळ येतात, असं त्यांचं ठाम मत.

नवा मॅनेजर आला आणि म्हणाला, "ताई, एक दिवस स्टुडिओत येऊन सगळे ठेके रेकॉर्ड करून द्या. एरवी मशीन वाजवेल, तुम्ही फक्त शनिवारी या. तुमचे गुडघेही दुखतातच ना."

गुडघे दुखत होतेच. ताईंनी दिवसभर घाम गाळून अकरा ठेके वाजवून दिले.

पुढच्या बुधवारी त्या मुद्दाम ऐकायला गेल्या. संथ गाणं सुरू झालं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. उशीर गायब! प्रत्येक मात्रा फूटपट्टी लावल्यासारखी.

त्या तडक साउंडवाल्याकडे गेल्या. "हे मी वाजवलेलं नाही."

"तुमचंच आहे, ताई. जिथं तुम्ही मागे पडत होतात, तिथं कॉम्प्युटरवर सरळ करून घेतलं."

"मागे पडत नव्हते रे! थांबत होते!"

तो गोंधळला. "पण मात्रा चारच आहेत की."

मॅनेजरनं तर धड ऐकूनही घेतलं नाही. "लोक नाचतायत ना? झालं तर मग."

लोक खरंच नाचत होते. तेच ताईंना जास्त लागलं.

मग त्या भावावर भडकल्या. "तुला कळलं नाही? इतकी वर्षं शेजारी बसतोस!"

"पहिल्याच दिवशी कळलं," तो मान खाली घालून म्हणाला. "बोललो असतो, तर माझा कीबोर्डही मशीनमध्ये गेला असता."

शनिवारी ताई आल्या, संथ गाण्यात नेहमीसारख्या थांबल्या. मशीनची सवय झालेला भाऊ मात्र पुढे निघून गेला. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनीच मुकाट्यानं त्याच्याशी जुळवून घेतलं, आणि गाणं संपताच हातातल्या स्टिक्स इतक्या जोरात खाली टाकल्या, की त्यातली एक घरंगळत नाचणाऱ्यांच्या पायांत गेली.