राजवाडा, अकरा बॅगा आणि राजारामकाका

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या राजारामकाकांनी जग पाहिलं ते बॅगांजवळ बसून. नायगारा त्यांनी नुसता ऐकला, कारण पार्किंगमध्ये धपाट्यांची पिशवी होती. प्रत्येक सहलीत कुणीतरी म्हणायचं, "काका, दोन मिनिटं बघा हं," आणि काका दोन-दोन तास बघायचे. बॅगांकडे.

अशा माणसाच्या गळ्यात तिथल्या मराठी मंडळाचं भाषण पडलं: 'चिनी सम्राटांचा राजवाडा: इतिहास आणि वैभव'. गेल्या मेमध्ये मंडळाचे बारा जण बीजिंगला जाऊन आले होते, त्यांतलं कुणीतरी बोलायला हवं होतं. नीनाकाकूंनी नवऱ्याचं नाव परस्पर देऊन टाकलं.

"अगं, मी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही!"

"हळू बोला. अकरा बॅगा दिल्या तुमच्याकडे, पण तुम्ही कुठे होतात हे एकालाही आठवत नाहीये."

"मग तूच बोल ना."

"मी काय पाहिलं आत? रेस्टरूमची लाइन."

काकांना धास्ती होती ती शैलेंद्रची. मंडळाचा हा सेक्रेटरी सहलीतही होता. त्याला आठवलं, की उरलेलं आयुष्य 'बॅगवाले काका' म्हणून काढायचं.

शाळेचा हॉल भरला. काकांनी कागद काढला आणि चोवीस सम्राट एका दमात संपवले. शैलेंद्र उठलाच.

"काका, इंटरनेट आम्हीपण वाचतो यार. सिंहासनामागे काय होतं ते सांगा की!"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

"नाही पाहिलं," काका म्हणाले. "मी बाहेर तुमच्या बॅगा सांभाळत होतो. तुझी निळी. चेन तुटलेली."

आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तेव्हा काकांनी कागद खिशात घातला.

"दक्षिणेच्या दारावर सोनेरी खिळे आहेत. नऊ ओळी, ओळीत नऊ. एक्याऐंशी. तीनदा मोजले. मग तुमचा फोन आला, की तुम्ही उत्तरेच्या दाराने बाहेर पडलात, बॅगा तिकडे आणा. हात दोन, बॅगा अकरा. चार पुढे न्यायच्या, मागे यायचं, चार न्यायच्या, मागे यायचं, तीन न्यायच्या. अर्ध्या तासाच्या वाटेला तीन तास लागले. खंदकाच्या कडेने मी तो राजवाडा पाच वेळा चाललो. आणि पूर्वेच्या दारावर खिळे बहात्तरच!"

"बहात्तर का?" मागून कुणीतरी कळवळून विचारलं.

"अभ्यासकांनाही नक्की माहीत नाही म्हणतात. मी बॅगा खाली ठेवून पुन्हा मोजले."

लोक अर्धा तास खिळ्यांवरच प्रश्न विचारत राहिले. सिंहासन पाहिलेल्या दहा जणांना आपण फसवले गेलो असं वाटू लागलं. "आम्ही दारातून गेलो काका, पण दार बघितलंच नाही," शैलेंद्र पडेल आवाजात म्हणाला.

पुढच्या आठवड्यात व्हिएन्नाच्या बादशाही राजवाड्याच्या सहलीची यादी फिरली. शैलेंद्रने त्यात एक नवा रकाना आखला होता: 'बाहेर, बॅगांजवळ'. यादी काकांच्या हाती आली तेव्हा त्या रकान्यात अकरा नावं होती. नीनाकाकूंचंही.

"अरे, मग आत कोण जाणार?"

"तुम्ही. तुमचं कायम राहून जातं ना, काका."

काका घरी आले, बूट न काढताच सोफ्यावर बसले.

"नीना, आत गेल्यावर नक्की काय करायचं असतं गं?"

"काही नाही. पाय दुखेपर्यंत चालायचं."

"रिकाम्या हातांनी?" काकांनी घाबरून विचारलं.