रावजींचा तळहात

रावजी माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी त्याच्या गाडीच्या टायरकडे. पहिल्या भेटीत मी स्कूटर लावून "नमस्कार" म्हटलं, तर ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. रबरावरून हात फिरवला आणि खालूनच म्हणाले, "तू एकटीच हिंडतेस. मागे कोणी बसत नाही. आणि उजवीकडे वळताना भितेस." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग ते उठले, हात पुसला आणि माझ्याकडे पाहून हसले.

मला साताऱ्याहून चेन्नईत येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. शोळिंगनल्लूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी सस्पेन्शनची गणितं करत असे, आणि शनिवार-रविवार शहराबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर हौसेनं राबत असे. तिथल्या एका मालिकेत टायरचं तापमान आणि हवेचा दाब नोंदायचं काम मला मिळालं होतं. टायरखातं रावजींचं. वय सदुसष्ट. सगळी नोकरी एका टायरच्या कारखान्यात, चाचणी विभागात झालेली. निवृत्तीनंतर वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये त्यांना करमेना, म्हणून ते इथे आले.

ते तंजावरकडचे मराठी. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, बाहेर सगळं तमिळ. त्यांच्या बोलण्यात 'मज' आणि 'तुज' यायचं, 'राखिलें', 'सांगितलें' यायचं, आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढून 'पा' यायचं. मी पहिल्यांदा हसले तेव्हा म्हणाले, "हांस. पण बोल. ट्रॅकवर मजशी मराठी बोलणारें कोणी नाही." महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता, पुण्यात, कामानिमित्त दोन दिवस. त्याची त्यांना एकच आठवण होती. "रिक्षावाल्याला मी शुद्ध मराठीत पत्ता सांगितला. तो मज हिंदीत बोलला, पा!"

मी आले होते वेगवान गाड्यांच्या वेडापायी. कोणत्या गाडीला किती हॉर्सपॉवर, शून्यापासून शंभरावर यायला किती सेकंद, हे मला पाठ होतं. म्हणून आमची मालिका मला सुरुवातीला अगदीच बेचव वाटली. अठरा गाड्या, सगळ्या एकाच मॉडेलच्या. इंजिनांना सील. टायर एकाच घाण्यातले, मोजून दिलेले. कोणती गाडी कोणाला, हेही चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मी रावजींना म्हटलं, "यात पाहायचं काय?"

ते म्हणाले, "गाडीला नावें ठेवायची सोय नाही, हें पाहायचें. दुसरीकडे हरलेला म्हणतो, त्याचें इंजिन मोठें. इथे काय म्हणशील?" आणि मग आपला तळहात माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुझे चारशे हॉर्सपॉवर असोत. गाडी जमिनीला लागते ती एवढीच. एका चाकाला एक हात. चार हातांत जें मावतें, तेवढेंच तुझें."

हा तळहात ट्रॅकवर प्रसिद्ध होता. गाडी फेऱ्या मारून आत आली की मी तापमापकाची सुई रबरात तीन ठिकाणी खुपसायची, आतली कड, मध्य आणि बाहेरची कड. मध्य जास्त तापला असेल तर हवा जास्त झाली, कडा तापल्या असतील तर कमी, असा साधा हिशेब. रावजी मात्र सुईची वाट पाहत नसत. टायरवरून हात आडवा फिरवत आणि आकडे सांगत. माझा आकडा त्यांच्याहून तीन-चार अंशांनी वेगळा आला, तर आधी मी माझी सुई तपासत असे.

सल्ल्याबाबत त्यांचा एक नियम होता. ते कोणत्याच संघाचे नव्हते, म्हणून विचारील त्याला सांगायचं, न विचारील त्याच्या मागे लागायचं नाही. एकदा शर्यतीच्या दहा मिनिटं आधी सर आली. सगळ्यांची धावपळ उडाली, गुळगुळीत टायर काढून पावसाचे, खाचांचे टायर चढवायला. रावजी ट्रॅकच्या कडेला गेले, डांबरावर हात टेकवून उकिडवे बसले, परत आले आणि कॉफी प्यायला लागले. यामिनी नावाची एक ड्रायव्हर तेवढी त्यांच्यापाशी आली. अड्यारला तिचा दातांचा दवाखाना होता, आम्ही तिला डॉक्टरच म्हणायचो. तिनं विचारलं, "रावजी, काय करू?" ते म्हणाले, "डांबर गरम आहे, लगेच वाळेल. दोन फेऱ्या सांभाळून जा, मग तुझाच ट्रॅक आहे." ती गुळगुळीत टायरवर गेली. दोन फेऱ्या सगळ्यांच्या मागे राहिली आणि पहिली आली. त्या दिवसापासून ती रावजींना विचारल्याशिवाय टायर निवडत नसे.

पुढच्या वर्षी मोसमाच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की रावजींचे आकडे चुकताहेत. तीन-चार अंशांनी नाही, पंधरा-वीस अंशांनी. मध्य तापलेला असताना ते म्हणत, "मध्य थंड." मी सुई बदलून पाहिली, नवा तापमापक आणला. सुई बरोबर होती. त्यांना साखर होती हे मला माहीत होतं. कॉफी बिनसाखरेची घेत आणि तिला शिव्या देत. पण बोटांचा आणि साखरेचा संबंध मी जोडला नाही. खरं सांगायचं तर जोडायचा नव्हता. मी एवढंच करू लागले की संघांना जाणाऱ्या तक्त्यात गुपचूप सुईचे आकडे लिहायचे आणि रावजींचे सोडून द्यायचे. दोन महिने हे चाललं. कोणाचं काही बिघडलं नाही आणि त्यांचा मान राहिला, असं मी स्वतःला सांगत होते.

मोसमाची शेवटची शर्यत. डॉक्टर पहिल्या क्रमांकापासून एका गुणानं मागे होती. सरावातून ती आत आली तेव्हा शर्यतीला थोडाच वेळ उरला होता. एरवी हवेसाठी ती माझा तक्ता पाही, आज तो वाचायला तिला सवड नव्हती. तिनं थेट विचारलं, "रावजी, मागचे कसे आहेत?" त्यांनी दोन्ही चाकांवरून हात फिरवला. "कडा तापल्या आहेत. मध्य थंड. हवा दोननं वाढव."

माझ्या हातात तापमापक होता. सुई नेमकं उलटं सांगत होती. हवा आधीच जास्त होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. भोवती चार संघांची माणसं उभी होती, त्यांच्यादेखत रावजींना खोटं कसं पाडायचं? मेकॅनिकनं हवा भरली. गाडी गेली.

तिसऱ्या फेरीत वेगाच्या उजव्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली. गाडी दोनदा गरगरली, खडीतून घसरत गेली आणि टायरच्या भिंतीवर आदळली. डॉक्टर स्वतःच्या पायांनी बाहेर आली, पण उजवा हात छातीशी धरून. खांद्याचं हाड मोडलं होतं.

रुग्णवाहिका गेल्यावर रावजी माझ्यापाशी आले. आवाज चढवला नाही.

"तुझी सुई काय म्हणत होती?"

मी सांगितलं.

"आजच की आधीपासून?"

"दोन महिने."

त्यांनी आपला तळहात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "दोन महिने तूं माझा मान राखिलास. तिचा खांदा कोणी राखायचा होता?"

मला रडू आलं. त्यांनी समजूत घातली नाही, आणि ते योग्यच होतं.

पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन अड्यारला डॉक्टरच्या घरी गेले. दवाखाना तीन महिने बंद राहणार होता. रावजी खुर्चीच्या काठावर बसले आणि तमिळमध्ये सगळं सांगितलं. हाताचं सांगितलं. हवा चुकीची भरायला लावली हे सांगितलं. माझ्यावर काही ढकललं नाही, म्हणून माझं मी सांगितलं. डॉक्टरनं ऐकून घेतलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू मला सांगायला हवं होतंस." एवढंच, पण त्यानंतर सहा महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मग तिनं रावजींना डोळे मिटायला सांगितले. डाव्या हातात पेन घेऊन त्यांच्या बोटांना टोकानं हळूच स्पर्श करत विचारू लागली, "आता कोणतं?" "अंगठा," ते म्हणाले. ती करंगळी होती. पाच वेळा विचारलं, तीनदा चुकले. चौथ्या वेळी पेन टेकलेलं असताना ते म्हणाले, "लाव ना." ती म्हणाली, "मी रोज माणसांची तोंडं बधिर करते. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं." तिनं तिथूनच ओळखीच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला आणि रावजींची वेळ ठरवली.

रावजींनी काम सोडलं. आयोजक म्हणाले, नावापुरते राहा, बसून राहा. ते म्हणाले, "बसायला घरीं खुर्ची आहे." मात्र मोसम सुरू व्हायच्या आधी चार शनिवार येऊन त्यांनी मला टायरखातं शिकवलं. टायर झिजताना रबराचे कोणते दाणे निघतात, नव्या टायरवर पहिली फेरी कशी मारायची, कोणता ड्रायव्हर उशिरा ब्रेक मारून पुढची चाकं भाजतो. हाताचा एकही धडा त्यात नव्हता. उलट एक नवीन नियम त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. प्रत्येक आकडा ड्रायव्हरसमोर मोठ्यानं वाचायचा, कोणीही काहीही सांगत असलं तरी. तो आजही आमच्याकडे चालतो. माझा अंदाज आणि सुई जुळत नाहीत तेव्हा मी दोन्ही मोठ्यानं सांगते. लाज वाटते कधीकधी. तरी सांगते.

डॉक्टर परत आली. खांदा पूर्वीसारखा झाला नाही, थंड सकाळी दुखतो म्हणते. त्या वर्षी ती चौथी आली.

त्याच मोसमातल्या एका शर्यतीला रावजी प्रेक्षक म्हणून आले. बायकोला घेऊन, मी त्यांना मामी म्हणायचे. मामींनी इतक्या वर्षांत ट्रॅक पाहिला नव्हता. मी त्यांना आत बोलावलं, पण रावजी नको म्हणाले. तिकिटाच्या रांगेत उभे राहून ते वर स्टँडमध्ये जाऊन बसले. शर्यत सुरू झाल्यावर मला थोडी सवड होती, म्हणून मीही वर गेले.

मामी विचारत होत्या, "ह्यांत आपली गाडी कोणती?"

"कोणतीच नाही. नुसतें पाहा."

आठव्या फेरीत तीन गाड्या वळणावर शेजारी-शेजारी आल्या. आतली पुढे, मग बाहेरची, मग पुन्हा आतली. हातभराचंही अंतर नव्हतं. सगळा स्टँड उभा राहिला, रावजीही. मामींचा हात त्यांनी घट्ट धरला होता. गाड्या निघून गेल्या तरी ते खाली बसले नाहीत.

मी म्हटलं, "चांगली चाललीय शर्यत."

ते ट्रॅकवरची नजर न काढता म्हणाले, "मी इतकीं वर्षें खाली होतों. पुढच्या शर्यतीचे टायर मांडीत घेऊन. शर्यत कशी असते, तें मी आज पाहतों आहें, पा."