परत आलेला दात

तेजलला काम करताना पाहिलं की माझ्या पोटात दुखतं. उगाच सभ्य शब्द कशाला शोधा? जळते मी तिच्यावर.

साकीनाक्याला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची लॅब आहे. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप आणि एक चिठ्ठी पाठवतात, त्यावरून आम्ही नकली दात बनवतो. चिठ्ठीवर रंगाचा नंबर असतो. त्या नंबरची पावडर ओली करायची, ब्रशने थर चढवायचे, भट्टीत घालायचं, घासायचं, डबीत भरायचं. ज्याच्या तोंडात तो दात जाणार, तो माणूस आम्हाला कधी दिसत नाही. मी मुलुंडहून येते, बी.एस्सी. झालेली, लॅबमध्ये सगळ्यात जुनी. काम चोख करते आणि सहा वाजायची वाट बघते.

तेजल घाटकोपरची. तिचे वडील कुंडलिक बुलढाण्याकडून आलेले, गॅरेजात गाड्यांना रंग मारायचे. जुन्या रंगात नवा रंग बेमालूम मिसळायचं वेड तिनं तिथूनच उचललं असणार. ही पोरगी दात करता करता गुणगुणते. चिमट्यात धरलेल्या दाताशी बोलते, "जरा इकडे वळ ना राजा!" डबा खा म्हटलं, तर "थांब ना ताई, मस्त जमतंय यार." एकदा तिची आई लॅबमध्ये आली होती. म्हणाली, "स्थळ बघायला आलं, तर ही मुलाचे दातच बघत बसली हो!" सगळे खो खो हसले. मला मात्र हसू येईना. मला कधी कशाचं असं वेड लागलं होतं, ते आठवून पाहिलं. काही सापडलं नाही.

तरी बाईसाहेबांचं समाधान नव्हतं. मालकाच्या, केयूरच्या, ती सारखी मागे लागायची. "सर, मला नंबर नको. पेशंटला बघू द्या. रंग, आकार माझा मी ठरवते."

"डॉक्टर ठरवतात, आपण बनवतो," केयूर म्हणायचा. शेवटी तो कंटाळला. डॉक्टरांशी बोलला आणि तेजलला म्हणाला, "एकच दात. परत आला, तर हा विषय कायमचा बंद."

पेशंट होत्या जानकीबाई, ब्लाउज शिवणाऱ्या. वरचा पुढचा एक दात मोडला होता. तेजल दवाखान्यात जाऊन त्यांना बघून आली, ती उत्साहाने गाल लाल झालेलीच. शिवताना दाताने दोरा तोडून तोडून बाईंच्या शेजारच्या दाताला बारीकशी खाच पडली होती. हिनं नव्या दातालाही तश्शीच खाच दिली. त्यांच्या दातांचा किंचित पिवळसरपणाही उतरवला.

"बघ ताई, नवा कुठला ते कोणाच्या बापाला कळणार नाही!"

खरंच कळलं नसतं. दिव्याखाली धरून मी खोड शोधली, मिळाली नाही. मग मी देव पाण्यात घालून बसले, की हा दात परत यावा.

आणि आला! डॉक्टरांनी लावून बघितला, तर जानकीबाईंनी आरशात पाहून काढायलाच लावला. "जन्मभर या खाचेपायी तोंड मिटून हसले. एक तरी दात धड मिळेल म्हणून खूश होते, तर त्यालाही खाच पाडून दिलीत?"

डबी तेजलच्या टेबलावर आली तेव्हा मी हातातलं काम थांबवून बघत होते. माझ्या काळजाला थंडावा मिळाला होता, आता हिचं रडणं तेवढं बघायचं राहिलं होतं. तेजल आधी लालबुंद झाली. मग कपाळावर हात मारून हसायलाच लागली.

"वाट लागली! बरोबर आहे त्यांचं. मी नुसती दातालाच बघत बसले. बाईंना काय हवंय, ते विचारलंच नाही!" आणि केयूरकडे वळली, "सर, परत जाऊ द्या मला. विचारून येते, नवा करते."

"विषय बंद, असं ठरलं होतं."

तेव्हा कुठे तिचा चेहरा पडला. "चूक झाली, सर. पण माझी झाली ना? मग मलाच निस्तरू द्या."

केयूरने माझ्याकडे पाहिलं. "गंधालीताई, तुम्ही सांगा. पाठवू?"

'नको' अगदी जिभेवर होतं. एवढ्या एका शब्दावर तेजल पुन्हा चिठ्ठीवर आली असती. माझ्यासारखीच नंबर बघून दात करायला लागली असती, हळूहळू गुणगुणणं थांबलं असतं, मग घड्याळाकडे बघायला लागली असती. चांगुलपणा वगैरे काही नाही, पण शेजारच्या टेबलावर आणखी एक गंधाली बसलेली मला बघवली नसती.

"जाऊ दे तिला," मी म्हटलं. जरा तिरसटपणेच.

तेजलने मला मिठी मारली आणि सॅक उचलून धडाधड जिना उतरून गेली. केयूर आत गेला.

माझेही दात परत आले आहेत. दर वेळी मी चिठ्ठी पुढे केली, डॉक्टरांचा नंबर दाखवला आणि मोकळी झाले. कपाळावर हात मारून हसावं, अशी स्वतःची एक चूक माझ्याकडे नाही. मी पुढची चिठ्ठी ओढली, त्यावरच्या नंबरची बाटली उघडली, आणि माझ्या लक्षात आलं की मला आता त्या पोरीच्या चुकीचाही हेवा वाटतोय.