मॉनिटर चालू होता

"नावं सुरू झाली की त्याचा माईक बंद कर," सचिन माझ्या कानाशी येऊन म्हणाला. स्टेजवर डेरेकचं चौथं गाणं चालू होतं.

सचिन इव्हेंट मॅनेजर. मी साऊंड इंजिनिअर. छत्रपती संभाजीनगरात तीस वर्षं हेच करतोय. लग्नातल्या संगीतापासून मंत्र्यांच्या सभेपर्यंत सगळ्यांचे आवाज मी लहानमोठे केलेत. आणि डेरेक म्हणजे सत्तरी ओलांडलेला इंग्रज रॉक गायक. कॉलेजात असताना मी गुलमंडीवरच्या एका दुकानातून त्याची कॅसेट भरून घेतली होती. शब्द निम्मे डोक्यावरून जायचे, राग मात्र बरोबर कळायचा.

त्याची कुंडली मला तेव्हापासून पाठ. बसड्रायव्हरचा मुलगा, आई बिस्किटाच्या कारखान्यात. त्याचं युद्धाविरुद्धचं गाणं रेडिओनं लावलं नाही. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, दोन ओळी गाळ. यानं कंपनीच सोडली. मग संपावरच्या कामगारांसाठी गावोगावच्या छोट्या हॉलांत गात फिरला. पेपरवाल्यांनी धुतला, मोठी स्टेडियमं गेली, लग्नही टिकलं नाही. एकदा सरकारवर बोलताना कुणीतरी त्याचा माईक बंद केला, तर गडी स्टेजवरून उडी मारून गर्दीत घुसला आणि तिथंच गायला लागला. हा किस्सा तो प्रत्येक मुलाखतीत सांगतो.

अशा माणसाला वाळूजच्या एका कंपनीनं वर्धापनदिनाला बोलावलं. मालकांचा तरुणपणीचा लाडका गायक, एवढंच त्यांनी पाहिलं असावं.

सकाळी कंपनी दाखवायला त्याला गाडीतून नेलं. गेटसमोर ताडपत्रीखाली अकरा बायका बसल्या होत्या. पॅकिंगमध्ये कंत्राटावर होत्या. दिवसभर उभ्यानं काम, म्हणून बसायला स्टूल मागितले. दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांना आत घेतलंच नाही. डेरेक गाडीतून उतरला, त्यांच्यात मांडी घालून बसला, दोन कप चहा प्यायला. त्यांच्यातल्या मंदाताईंनी अकरा नावांचा कागद त्याला दिला. ड्रायव्हरनं तो इंग्रजी अक्षरांत उतरवून दिला. संध्याकाळी स्टेजवरून ही नावं घेईन, असा शब्द देऊन तो निघाला. मालकांच्या तोंडावर, पेपरवाल्यांसमोर आपली नावं घेतली गेली तर निदान कुणी विचारायला तरी येईल, एवढीच त्या बायकांची आशा होती.

हे मला कसं ठाऊक? दुपारी साऊंडचेकला तो कागद घेऊन माझ्याकडेच आला. "मला ही म्हणायला शिकव," म्हणाला. आम्ही दोघं स्पीकरच्या खोक्यावर बसलो. मंदा जमलं. नसरीन जमलं. शकुंतलेनं त्याचा घाम काढला. मी म्हटलं, राहू द्या, कळतंय. तर म्हणाला, "तिच्या आईनं ठेवलंय. नीटच घेतलं पाहिजे." अर्धा तास तो शकुंतला, शकुंतला करत बसला होता.

आणि आता सचिन माझ्या कानाशी. ड्रायव्हरकडून त्याला नावांचं कळलं होतं.

"अरे, त्यानं कबूल केलंय त्यांना," मी म्हणालो.

"मालक पहिल्या रांगेत बसलेत. नावं बाहेर गेली ना, तर वर्षभराचे सगळे कार्यक्रम गेले समज. तुझे पण."

"माईक बंद पडला की तो खाली उडी मारेल. त्याचा इतिहासच आहे तसा."

"मग काय करतो सांग!"

इथं थोडं धंद्यातलं सांगतो. गाणाऱ्याचा आवाज माझ्या मिक्सरवरून दोन वाटांनी जातो. एक मैदानातल्या मोठ्या स्पीकरला, लोकांसाठी. दुसरी त्याच्या पायाशी ठेवलेल्या तिरप्या स्पीकरला, त्याचं त्याला ऐकू यावं म्हणून. त्याला मॉनिटर म्हणतात. पहिली वाट बंद करून दुसरी चालू ठेवता येते. गिटार तशीच वाजत ठेवली तर लोकांना वाटतं, हा नुसता वाजवतोय. त्यात डेरेकचा डावा कान गेलेला आणि डोळ्यांवर लाईट, म्हणजे त्याला पत्ता लागणार नव्हता.

सचिननं फक्त बंद कर म्हटलं होतं. ही युक्ती माझी. सुचली तेव्हा मला शहाणपणा वाटला, हे लिहायलासुद्धा लाज वाटते.

गाणं संपलं. डेरेकनं खिशातून कागद काढला, चष्मा लावला. मी मिक्सरवरची त्याच्या माईकच्या आवाजाची पट्टी हळूच खाली ओढली आणि मॉनिटर थोडा वाढवला.

तो एका हातानं गिटारची तार छेडत वाचू लागला. एक नाव, मग थांबायचं, लोकांकडं बघायचं. टाळी नाही. दुसरं नाव. टाळी नाही. पहिल्या रांगेत मालक मोबाईल बघत होते. मैदानाच्या टोकाला दोरीपलीकडं त्या अकराजणी उभ्या होत्या. माझं टेबल त्यांच्यापासून दहा पावलांवर. माझ्या हेडफोनमध्ये मात्र सगळं स्वच्छ येत होतं. शकुंतला तो इतकं सुंदर म्हणाला! लोक गप्प म्हणून त्यानं ते आणखी जोरात, पुन्हा म्हटलं. मी पट्टीवरचं बोट काढलं नाही. कागद संपल्यावर त्यानं मान खाली घातली. मग मी आवाज वर केला आणि शेवटचं गाणं झालं.

कार्यक्रमानंतर तो घामाघूम होऊन टेबलाशी आला. "तुमचे लोक फार शांत आहेत," म्हणाला. मग विचारलं, "नावं नीट ऐकू गेली ना?"

"येस सर," मी म्हणालो.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मॉनिटर फार छान होता म्हणाला.

तो गेल्यावर मंदाताई आल्या. "दादा, तोंड हलत व्हतं त्याचं. आमची नावं घेतली का वं त्यानं?"

आता तरी खरं बोलायचं होतं. सचिन दूर होता, मालक गेले होते, कुणाची भीती नव्हती.

"घेतली ताई. अकराच्या अकरा. पण केबल गेली ऐनवेळी."

त्या थोडा वेळ टेबलावरच्या बटणांकडं बघत राहिल्या. "मशीनच हाय, तिला काय म्हनावं," त्या म्हणाल्या. "पर त्या म्हाताऱ्याला सांगू नका बरं. लई मनापासून वाचत व्हता. त्याला वाईट वाटंल."

बाकीचं थोडक्यात. पेपरात मालकांसोबत डेरेकचा फोटो आला, नावांचं कुठंच काही नाही. पंधरवड्यात ताडपत्री उठली. बायका आत गेल्या नाहीत. मला पुढच्या वर्षीचे कार्यक्रम मिळाले.

माझ्याकडं काम शिकायला येणारे विचारतात, ऐन कार्यक्रमात मोठी चूक झाली तर काय करायचं? मी सांगतो, केबलवर ढकला. केबलबद्दल कुणीच शंका घेत नाही. माझ्या अनुभवाचं आहे.