पट्ट्यावरचा नारळ
गाडी ओढायचा पट्टा उलगडला की त्याला अजून सुकटीचा वास येतो आणि मला जयगडजवळची ती पुळण आठवते. जुनी जीप घेतल्यावर मी आणि धाकटी बहीण पहिल्यांदाच वाळूत उतरलो होतो; वाट दाखवायला एक मित्र त्याची जीप घेऊन पुढे होता. पट्टा, फावडं, पट्टा अडकवायची लोखंडी शॅकल सगळं मी मागे अगदी तळाला शिस्तीत रचलं होतं; त्यावर आईनं मावशीसाठी सुकट आणि नारळ भरले. नेमकी भरती लागली आणि मागची चाकं रुतली. पुढच्या जीपमधून मित्र ओरडला, "पट्टा काढ लवकर!" "नारळांखाली आहे रे!" मी ओरडलो, तसा त्यानं कपाळावर हात मारला. बहीण मागे चढून धडाधड नारळ बाहेर फेकू लागली, त्यात सुकटीची पिशवी पट्ट्यावरच फुटली. लाटा चाकांना भिडल्या तरी आम्हाला हसू आवरेना. एकदाचा पट्टा मित्राच्या जीपला अडकवून ताणला, इंजिन गुरगुरलं आणि जीप उसळून बाहेर आली! आरोळ्या ठोकत आम्ही मागे पाहिलं, तर नारळ लाटांवर डुलत निघालेले. "यंदा नारळी पुनव लवकर झाली," बहीण म्हणाली. आता गाडी भरताना पट्टा मी सगळ्यात वर ठेवतो. बहीण त्याच्यावरही एक नारळ ठेवतेच, दर्याचा.