अडलेली मेंढी

चिकुनगुनियाचा ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण माझ्या सांध्यांतून तो गेलाच नाही. गावात घरोघरी माणसं पडली होती. तरणी हळूहळू कामाला लागली. मी सत्तरीला टेकलेली, आधीच पाप्याचं पितर. वर्ष उलटलं तरी बोटं मिटेनात, चहाचा कप हातात ठरेना. वेणीसुद्धा सूनबाई घालायची. डॉक्टर म्हणाले, "म्हातारपणी हे दुखणं रेंगाळतं, आजी. धीर धरा." तो कुठून आणायचा? देव्हाऱ्यातल्या बिरोबाकडे मी रोज मरण मागायची. पुढं पुढं वाटू लागलं, ऐकणारा कोणी आहे तरी का?

कापूस वेचणीचे दिवस होते, घरची सगळी शेतात. दुपारी एक अनोळखी मेंढपाळीण दारात आली. उजव्या हाताला रक्ताळलेलं फडकं गुंडाळलेलं. तिची मेंढरं शेजारच्या रानात बसली होती, नवरा बाजाराला कुंभार पिंपळगावला गेल्ता.

"आई, मेंढी आडलीय. माझा हात कोयत्यानं कापलाय. जल्दी चला."

"माझ्या हातात काई राह्यलं न्हाई, बाई."

"मंग नुसतं बसा तिच्यापाशी. मला येकटीला भेव वाटून राह्यलं."

तिच्या खांद्याला धरून गेले. मी मेंढरांतच वाढलेली. एक पाय बाहेर आलेला, डोकं नाही; पाहताच कळलं, कोकराची मान आत मागं वळलीय. तिनं हातावर तेल ओतलं. बिरोबाचं नाव घेऊन मी हात आत घातला. त्या उबेत बोटाला इवलासा खूर लागला, आणि तो हलला. जीव होता! पुढचं मी केलं असं मला म्हणवत नाही. वर्षभर न मिटलेली बोटं कोकराच्या तोंडाभोवती मिटली, मान सरळ झाली, कोकरू बाहेर आलं. पण निपचित. मेंढपाळणीनं डाव्या हातानं त्याला गवतानं चोळलं, चोळतच राहिली. ते शिंकलं. आम्ही दोघी रडलो.

संध्याकाळी माझे हात टम्म सुजले. औषध अजून चालू आहे, थंडीत बोटं आजही आखडतात. दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढं गेली. ती बाई पुन्हा दिसली नाही. जाऊबाई म्हणतात, "तिला बिरोबानंच धाडल्तं." मी वाद घालत नाही. मी मदतीची वाट पाहत होते आणि दारात मदत मागणारी आली, एवढं मला पुरे आहे. ह्या देहाकडून बिरोबाला काय करवून घ्यायचं ते तोच जाणे. सकाळी उठल्यावर त्याच्यापुढं हात जोडते. बोटं नीट जुळत नाहीत. त्याला तेवढं चालतं.