न आलेल्या पोरांच्या चिठ्ठ्या

दीपमालाताई भारी हट्टी, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या सरकारी दवाखान्यात जन्मतः पाय वाकडे असलेल्या मुलांना दर बुधवारी प्लास्टर घालतात. घालणारा मी, आणि घरोघरी फोन करून पुढच्या तपासणीची आठवण करून देणाऱ्या त्या.

यंदा वरच्या साहेबांकडून विचारणा झाली. निम्मी मुलं तपासणीला परत येत नाहीत, म्हणजे उपचार फसलेत. मग हा विभाग चालवायचा कशाला? ताई भडकल्या.

"न आलेलं पोरगं बिघडलं, हे कोनं ठरोलं? बरं झालं म्हनूनबी आलं नसन. जाऊन पाहू ना!"

सगळ्यांकडे जाणं शक्य नव्हतं. कळंबची जवळची घरं बघू, असं मी सुचवलं.

"दवाखान्याजवळचे तं ठीकच असतीन. दूरच्याईचं कोन पाहीन?"

त्यांनी न आलेल्या प्रत्येक मुलाची चिठ्ठी डब्यात टाकली, डोळे मिटून वीस काढल्या. निघालेली चिठ्ठी बदलायची नाही, ही त्यांची अट.

आम्ही माझ्या गाडीवर हिंडलो. आर्णीत एक पोरगं मला ओळखून, पुन्हा प्लास्टर घालतील या भीतीनं, धूम पळालं. त्या पळण्याचा मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

शेवटची चिठ्ठी ढाणकीच्या पलीकडच्या खुशीची. तिचा पाय पुन्हा वळला होता. प्लास्टरनंतर रात्री घालायचे बूट तोकडे पडले, पोरगी रडायची, म्हणून घरच्यांनी ते सोडले होते. आम्ही कशासाठी आलो हे ऐकल्यावर तिचे वडील मारोतराव हात जोडून म्हणाले, "ताई, बरी हाय असंच लिहा. आमच्या पोरीपाई बाकीच्याईचा दवाखाना नोका बंद करू."

ताईंचे डोळे भरून आले. "मंग खुशीचं काय, भाऊ?" म्हणाल्या, आणि पाय वळल्याचंच लिहिलं.

वीसपैकी सोळा मुलं धडधाकट निघाली. बिघडलेल्या चौघांच्या घरी कारण एकच, तोकडे बूट. साहेबांनी ते वाचलं, विभाग चालू ठेवला आणि मोठ्या मापाचे बूट मागवले.

पुढच्या बुधवारी मारोतराव खुशीला कडेवर घेऊन दाराबाहेरच थबकले.

"बंद तं नाही झालं ना, ताई?"

"या आत," ताई म्हणाल्या. "पयला नंबर खुशीचाच हाय."